थट्टा करावी, पण समोरच्याला न हसण्याची मुभा ठेवून

विनोद करायचा म्हणजे काहीतरी चुरचुरीत सुचलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने या समजाला चांगलाच सुरुंग लावला. सार्वजनिक ठिकाणी लोक नेमके कशावर हसतात, याच्या १,२०० नोंदी त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी कान देऊन टिपल्या. हसण्याच्या लगेच आधी विनोद म्हणता येईल असं वाक्य आलं होतं ते फार तर दहा-वीस टक्के वेळा. बाकी सगळं हसू ‘चला, निघतो मी’, ‘अरे, तू इकडे कुठे?’ असल्या साध्या बोलण्यावरचं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता.

म्हणजे रोजच्या बोलण्यातलं हसणं हे मुख्यतः ‘आपलं बरं चाललंय’ हे एकमेकांना कळवायचं साधन आहे. त्यामुळे ज्या थट्टेने माणूस दुरावतो ती कितीही हुशारीची असली तरी फसलीच. माझी यासाठी एकच कसोटी आहे: ज्याची थट्टा होतेय, त्याला न हसण्याची मुभा आहे का? तो गप्प बसला, किंवा ‘हे नको’ म्हणाला, तर त्याचं काही बिघडेल का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या आसपासच फिरतात.

१. आधी दाद द्यायला शिका

विनोदी होण्याची घाई झालेला माणूस इतरांचा विनोद ऐकतच नाही. कोणी काही गमतीचं सांगितलं की लगेच त्याहून भारी किस्सा काढतो, नाहीतर शेवट आधीच सांगून टाकतो. हे थांबवलं तरी निम्मं काम झालं. समोरच्याचं वाक्य पुरतं होऊ द्या, हसू आलं तर मोकळेपणाने हसा, नाही आलं तर ओढून-ताणून हसू नका. घरात किंवा कामावर जो माणूस कधीच विनोद करत नाही पण दुसऱ्याच्या गमतीला मनापासून खळखळून हसतो, तो सगळ्यांना हवासा असतो.

२. आपली खोड ओळखा

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या सवयींचे चार प्रकार मांडले, ते इथे उपयोगी पडतात. पहिला, सगळ्यांना सामावून घेणारा: प्रसंगातली, परिस्थितीतली गंमत. दुसरा, स्वतःला सावरणारा: अडचणीतही मनाशी गमतीची बाजू दिसणं, मग आजूबाजूला ऐकायला कोणी नसलं तरी. तिसरा, टोचणारा: टोमणे, नकला, खिल्ली. चौथा, इतरांनी हसावं म्हणून स्वतःलाच पायदळी तुडवणारा. तिसऱ्याचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, चौथ्याचा आपल्याला. ‘मी काय, मठ्ठच’ असं रोज गमतीने सांगणाऱ्याचं म्हणणं लोक काही दिवसांनी खरं मानायला लागतात, आणि तो स्वतः त्यांच्याही आधी.

बहुतेकांत चारही प्रकार थोडेफार असतात. आठवडाभर झोपण्यापूर्वी दिवसातले दोन-तीन विनोद आठवा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा: हसू कोणाच्या जिवावर आलं? परिस्थितीच्या, माझ्या, समोरच्याच्या, की तिथे नसलेल्या माणसाच्या?

यादीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या माणसाशी तुमचं काहीतरी बिनसलंय आणि तुम्ही ते गमतीच्या आडून काढताय. उशिरा येणाऱ्या सहकाऱ्याला महिनाभर ‘या, साहेबांची स्वारी आली’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही उशिरा आलात की सकाळचे फोन मला एकटीला घ्यावे लागतात’ हे एकदा सरळ बोललेलं बरं. तक्रारीला उत्तर देता येतं. टोमण्याला दिलं तर वर ‘याला गंमतच कळत नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं.

घरात ही खोड जास्त महाग पडते. नवरा-बायकोच्या नात्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन संसार मोडण्याच्या लक्षणांत तुच्छतेला सगळ्यांत वर ठेवतात. त्या तुच्छतेत शिव्याच असतात असं नाही. डोळे फिरवणं, बोलण्याची नक्कल करणं आणि पाहुण्यांसमोर केलेला बोचरा विनोद हेही त्यातच मोडतात.

३. वागण्यावर बोला, असण्यावर नको

विषय निवडताना मला हा नियम सगळ्यांत सोपा वाटतो. उंची, रंग, वजन, टक्कल, अडखळत बोलणं, जात, धर्म, बोलण्यातला हेल, घरची परिस्थिती, लग्न झालं की नाही, मूल आहे की नाही, यातलं काहीही माणसाला उद्या सकाळपर्यंत बदलता येत नाही. मग त्यावर हसून त्याने करायचं काय? उलट एका दिवसाच्या प्रवासाला तीन बॅगा घेणारा मित्र, फोनवर बोलताना घरभर येरझाऱ्या घालणारे काका, याद्यांचीसुद्धा यादी करणारी ताई, ही सगळी आपणहून केलेली वागणूक. त्यावरच्या गमतीत प्रेमही दिसतं, कारण ती करायला त्या माणसाकडे नीट पाहावं लागतं.

नियमाला अपवाद आहेत. नापास झालेली परीक्षा, गेलेली नोकरी, मोडलेलं नातं ही म्हटली तर वागण्याचीच फळं, पण जखम ओली असेपर्यंत तिकडे फिरकू नये.

एक सापळा मात्र भल्याभल्यांना फसवतो. माणूस स्वतःवर विनोद करतो आणि आपण समजतो की आता दार उघडलं. टक्कल पडलेले गृहस्थ स्वतःच म्हणतात, “आमच्याकडे कंगव्याचा खर्च नाही.” सगळे हसतात. कोणीतरी पुढे सरसावून म्हणतो, “आणि दिव्याचाही नाही!” गृहस्थ हसतात, पण हे हसू वेगळं असतं. पहिलं वाक्य त्यांच्या हातात होतं; कुठे थांबायचं ते त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्याने ते त्यांच्या हातून काढून घेतलं. स्वतःवर कोणी विनोद केला तर हसायचं, दाद द्यायची आणि तिथेच थांबायचं. भर घालायची नाही.

एका गटावर, समाजावर, स्त्रियांवर केलेल्या विनोदांचं काय? ‘कोणा एकाला उद्देशून नाही, मग लागेल कोणाला?’ हा युक्तिवाद नेहमीचा. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्रियांविषयी मनात आधीच आकस असलेल्या पुरुषांना बायकांची टर उडवणारे विनोद वाचायला दिले, तर स्त्रियांच्या संस्थेला देणगी द्यायला ते कमी राजी झाले. तशाच अर्थाची विधानं विनोदाविना वाचायला दिली तेव्हा हा परिणाम दिसला नाही. एरवी जे बोलायला-करायला माणूस कचरतो, त्याची भीड विनोद मोडतो. विनोद सांगणाऱ्याच्या मनात काही नसेलही. ऐकणाऱ्यांत कोण बसलंय हे त्याला कुठे ठाऊक असतं?

४. कोण कोणाला उलटून बोलू शकतो ते पाहा

न हसण्याची मुभा इथे सगळ्यांत जास्त आकसते. वरिष्ठांच्या विनोदाला हाताखालची माणसं हसतातच. म्हणून पदावर असलेल्या माणसाने आपल्या विनोदबुद्धीचं मोजमाप कचेरीतल्या हास्यावरून कधीही करू नये. (बरेच जण करतात आणि निवृत्तीनंतर लोक एकाएकी अरसिक कसे झाले म्हणून चकित होतात.)

तपासायची रीत अशी: मी जे याच्याबद्दल बोलतोय, त्याच तोडीचं काही हा माणूस उद्या याच खोलीत, एवढ्याच लोकांसमोर माझ्याबद्दल बोलू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य गिळा. शिक्षक-विद्यार्थी, डॉक्टर-रुग्ण, जुना कर्मचारी आणि कालच रुजू झालेला मुलगा, घरमालक आणि भाडेकरू, सगळीकडे हेच.

पद तुमच्याकडे असेल तर विनोदाचं तोंड स्वतःकडे वळवा, तेही मर्यादेत. ‘मला हा तक्ता तिसऱ्यांदा समजावून सांगा, माझं डोकं दुपारी बंद असतं’ असं साहेबांनी म्हटलं की खोलीतला ताण उतरतो आणि ज्याला खरंच समजलेलं नसतं तोही विचारायला धजावतो. हेच वाक्य कामाला लागून आठवडा झालेल्याने म्हटलं तर कदाचित कोणाला ते खरंच वाटेल. नव्या माणसाने आपल्या कामाच्या कुवतीवर विनोद करू नये. रस्ता चुकण्यावर, मोबाईल विसरण्यावर खुशाल करावा.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिरकस बोलणं मुलांना साधारण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर उमगायला लागतं आणि त्यातले बारकावे कळायला पुढेही बरीच वर्षं जातात. चार वर्षांच्या पोराला “वा, काय छान पसारा केलाय!” म्हटलं तर ते खूश होऊन उरलेली खेळणीही ओतेल, आणि मग ओरडा खाऊन भांबावेल. मोठ्या मुलांना अर्थ कळतो, पण पाहुण्यांसमोर त्यांना उत्तर देता येत नाही. मूल काहीतरी मजेशीर बोललं म्हणून ते चारचौघांत त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेणं यातलंच. मूल हसतंय म्हणजे त्याला मजा वाटतेय असं नाही.

५. दुःखात पहिला विनोद त्यांचा

पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली कल्पना अशी की काहीतरी चुकतंय, बिघडतंय, पण त्यातून खरा धोका नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या की हसू येतं. धोका अजून खरा असेल तर हसू येत नाही, आणि बिघाडच उरला नसेल तरीही येत नाही. मॅग्रॉ यांच्या गटाने अमेरिकेतल्या २०१२ च्या सँडी वादळावरच्या विनोदांचा अभ्यास केला. नुकसानीचा आवाका कळत गेला तसे ते विनोद लोकांना कमी हसवू लागले, पुढे हळूहळू पुन्हा गमतीचे वाटू लागले, साधारण ३६ दिवसांनी सर्वांत जास्त हसू आलं आणि मग पुन्हा ओसरलं.

म्हणून कोणी छत्तीस दिवस मोजत बसू नये. प्रत्येकाचं दुःख वेगळ्या चालीने चालतं. व्यवहारात एवढं पाळलं तरी पुरे: आजारी, नुकसान सोसलेल्या किंवा जवळचं माणूस गमावलेल्या व्यक्तीजवळ पहिला विनोद आपण करायचा नाही. त्यांनी केला तर मात्र दचकून गंभीर व्हायचं नाही. दवाखान्यात पडलेला मित्र सलाइनच्या स्टँडकडे पाहून “सध्या हाच माझा जोडीदार, सोडतच नाही” म्हणाला तर हसा. तिथे ‘असं बोलू नये रे’ म्हणणं म्हणजे त्याने मोठ्या मुश्किलीने उघडलेली खिडकी बंद करणं. त्याला दिवसभर उतरलेले चेहरेच दिसत असतात.

६. बोट दाखवू नका, शेजारी जाऊन बसा

आता प्रत्यक्ष वाक्य कसं घडवायचं ते पाहू. ऑनलाइन बैठक चालू आहे. एका सहकाऱ्याचा माईक चुकून सुरू राहिला आणि तो मुलावर अभ्यासासाठी ओरडत होता ते सगळ्यांनी ऐकलं. त्याला कळल्यावर तो ओशाळला. क्षणभर शांतता. इथे काहीतरी हलकं बोलण्याची खरंच गरज आहे.

“बापरे, तुमच्या घरी तर रणधुमाळी चालू होती!” हसू येईल, पण तो आणखी ओशाळेल.

“चला, मुलगा पास झाला की पेढे आम्हाला.” जरा बरं, पण अजून प्रकाशझोत त्याच्यावरच.

“आमच्याकडे हाच कार्यक्रम रात्री नऊला असतो.” इथे तो सुटला. बोलणारा त्याच्या शेजारी जाऊन बसला, ज्यांच्या घरी मुलं आहेत ते सगळे हसले, आणि विषय पुढे सरकला.

तिन्ही वाक्यांना सारखाच वेळ लागतो. फरक आहे तो आपण कुठे उभे आहोत याचा. ही सवय अंगवळणी पडायला फार हुशारी लागत नाही. तोंड उघडण्यापूर्वी ‘असं माझ्याकडे कधी घडतं?’ एवढं आठवायचं.

बाकी कारागिरीचं थोडक्यात. तपशील नेमका असू द्या. ‘मी फार विसराळू’पेक्षा ‘चष्मा लावूनच चष्मा शोधत होतो’ जास्त हसवतं. वाक्य छोटं ठेवा आणि गमतीचा शब्द शेवटाकडे न्या. लोक हसले की थांबा, तोच विनोद ताणून दुसऱ्यांदा सांगू नका. आणि कोणी हसलं नाही तर समजावून सांगायच्या भानगडीत न पडता पुढे बोला.

७. लिहून केलेला विनोद कोरडा पोहोचतो

स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवलं की गमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस मिळून होणारा आडवा हसरा चेहरा टाकावा. विद्यापीठातल्या संगणकावरच्या सूचनाफलकावर थट्टा आणि गंभीर मजकूर यांत गोंधळ होत होता, म्हणून. आज इमोजींचा सुकाळ आहे आणि गोंधळ तसाच आहे.

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ अर्थाने पाठवली. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंच बरं. कारण उघड आहे: लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

म्हणून तिरकस बोलणं लेखी नको, विशेषतः नव्या ओळखीत आणि कामाच्या निरोपांत. पाठवण्यापूर्वी मजकूर एकदा अगदी रागीट, सपाट आवाजात मनात वाचा. तसा वाचूनही चालत असेल तरच पाठवा. टोचणाऱ्या वाक्याच्या शेवटी तीन हसरे चेहरे लावले तर वाचणाऱ्याला टोचतं ते टोचतंच, वर ‘मी तर हसत होतो’ म्हणायची पळवाट तयार राहते. फॉरवर्ड आलेल्या विनोदांबाबत मी एक पथ्य पाळतो: ज्याच्यावर तो आहे, तशी व्यक्ती त्या ग्रुपमध्ये आहे असं समजूनच पुढे पाठवायचा की नाही ते ठरवायचं. बऱ्याचदा ती खरोखरच असते आणि गप्प असते.

८. मस्करीची कुस्करी झालीच तर

आधी ओळखायला हवं. खरं हसू डोळ्यांत उतरतं, डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, हे गियॉम द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्येच लिहून ठेवलं. नुसते ओठ ताणले गेले, उत्तर एका शब्दात आलं, विषय चटकन बदलला गेला, किंवा एरवी बोलणारा माणूस नंतर तासभर गप्प राहिला, तर लागलंय असं समजा.

अशा वेळी ‘गंमत केली हो, एवढं काय मनावर घ्यायचं’ हे वाक्य तोंडावर येतं. ते अडवा. क्रूगर यांच्याच २००६ च्या अभ्यासात दिसलं की चिडवणाऱ्याला आपला हेतू चांगला होता हे स्वच्छ दिसत असतं, पण ज्याला चिडवलं जातं त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे हेतूची कैफियत मांडण्यात अर्थ नाही. शिवाय त्या वाक्याने दोष समोरच्याच्या हळवेपणावर जातो.

म्हणायचं ते इतकंच: “ते बोलायला नको होतं. माफ करा.” चारचौघांत बोललात तर तिथेच, एका वाक्यात, नंतर एकांतात हवं तर थोडं अधिक. मग गप्प. ‘मी किती वाईट आहे’ असा सूर लावलात तर दुखावलेल्या माणसालाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. आणि तो विषय त्या व्यक्तीपुरता कायमचा बंद, सहा महिन्यांनी ‘आता चालेल ना?’ म्हणून चाचपून पाहणंही नको.

काही माणसांना आपल्यावर कोणी हसेल याचीच मनस्वी भीती असते. जेलोटोफोबिया या नावाने मानसशास्त्रात त्याचा अभ्यास होतो. अशा माणसाला शेजारच्या टेबलावरचं हसूही आपल्यावरचंच वाटतं. त्यांना ‘जरा मोकळे व्हा’ म्हणत चिडवण्याने भीती वाढते. त्यांच्यासमोर दुसऱ्या कशावर हसत असाल तर कशावर ते सांगून त्यांना त्यात ओढा.

९. थट्टा आपलीच होत असेल, किंवा आपण बघे असू

प्रत्येक वेळी भांडायची गरज नसते, पण हसण्याचीही सक्ती नाही. शांत चेहऱ्याने “मला कळलं नाही, काय म्हणायचंय?” असं विचारलं की बोलणाऱ्याला आपल्या विनोदाचा अर्थ सरळ शब्दांत सांगावा लागतो, आणि बहुतेकांना तो सांगता येत नाही. जवळच्या माणसाला मात्र एकट्यात, नेमकं सांगा: “माझ्या वजनावर बोललेलं मला आवडत नाही, बाकी काहीही बोल.” ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हणण्यापेक्षा हे पाळायला सोपं असतं, आणि बाकी थट्टा चालू राहते.

बघ्याच्या हातात जास्त असतं. सगळे हसत असताना एक जण हसला नाही तरी ज्याच्यावर विनोद झाला त्याला ते दिसतं. पुढचं पाऊल म्हणजे लगेच त्याच्याशी बोलणं, आणि तेही झाल्या प्रकाराबद्दल नाही: “तुम्ही मघाशी त्या अहवालाबद्दल काहीतरी सांगत होतात, ते अर्धंच राहिलं.” त्याला पुन्हा बोलायला जागा मिळते आणि विनोद करणाऱ्याचाही चारचौघांत अपमान होत नाही. विनोद करणाऱ्याशी तुमची ओळख चांगली असेल, तर बैठक संपल्यावर त्याला बाजूला घेऊन काय खटकलं ते सांगा.